मंगळवारी पाऊस नक्की

"मंगळवारी पाऊस. हो, नक्की. लिहून ठेव," चौबळकाका फोनवर म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

रविवारची संध्याकाळ होती. ओहायोचं ऑगस्टमधलं आकाश परीटघडीच्या चादरीसारखं स्वच्छ होतं आणि रेडिओवरचा माणूस आठवडाभर हवा कोरडी राहील असं दर तासाला बजावत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.

"कुणाशी बोलत होता, काका?"

"स्टॅनशी."

"त्याला पाऊस कशाला?"

"मैदान तो राखतो ना? ताडपत्र्या काढून ठेवील बिचारा."

"पण रेडिओवर तर..."

"प्रभाकर," काकू मध्येच म्हणाल्या, "ती वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढ बाबा. माझा हात पोचत नाही."

काकू माझ्यापेक्षा दोन बोटं उंच होत्या. मी बरणी काढून दिली आणि त्याच क्षणी माझ्या मनात संशयाचं बी पडलं. एकदा पडलं की ते खतपाणी मागत नाही.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. हार्लन फॉल्स या गावात एक पोलाद गिरणी होती, एक नदी होती, आणि तिसऱ्या दर्जाच्या लीगमधला एक व्यावसायिक बेसबॉल संघ होता. मराठी माणसं तीन. काका गिरणीच्या प्रयोगशाळेत धातुतज्ज्ञ होते. मूळचे रोह्याचे, माझ्या वडिलांचे वर्गबंधू. काकू काकूच होत्या. आणि मी, प्रभाकर गुप्ते, जवळच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आलेलो आणि काकांच्या माळ्यावरच्या खोलीत फुकट राहणारा.

गिरणीत काका पोटापुरते जात. त्यांचा जीव होता मैदानातल्या एका खुर्चीत. प्रेक्षकांच्या डोक्यावर लाकडी माचा होता, शेतात राखणीला बांधतात तसा. तिथे बसून ते संघाचे अधिकृत स्कोअरर म्हणून सामन्याचा तक्ता भरत. मुंबईत जिमखान्याच्या तंबूत त्यांनी दहा वर्षं क्रिकेटचे धावफलक लिहिले होते. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यांनी बेसबॉलची नियमावली पाठ केली, दुसऱ्या वर्षी स्थानिक वार्ताहराच्या तक्त्यात सतरा चुका काढल्या, आणि तिसऱ्या वर्षी त्याची खुर्ची मिळवली. गिरणीत त्यांना कुणी 'डॅटा' म्हणे, कुणी 'चौबी'. माच्यावर मात्र ते 'मिस्टर चौबळ' होते. दत्ताराम चौबळ ही सही लीगच्या दप्तरात जाई, आणि ती सही असली की आकडा बरोबर, अशी त्यांची कीर्ती होती.

मलाही मैदानावर काम होतं. आमच्या प्राध्यापकांना लीगचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर बनवायचं होतं. त्यासाठी कुठला सामना कधी आणि का रद्द झाला याची नोंद हवी होती. ती नोंद ठेवायला मी. मैदानाच्या कोपऱ्यात एक पर्जन्यमापक होता. रोज त्यात डोकवायचं, खिशातल्या वहीत आकडा टिपायचा, आणि महिनाअखेर लीगच्या छापील तक्त्यावर उतरवून सही करायची.

तेव्हाचं ते वेळापत्रक म्हणजे एक प्रकरण होतं. त्याचा कणा म्हणजे डबलहेडर: एका दिवशी, एका तिकिटात, लागोपाठ दोन सामने. रविवार आला की डबलहेडर. सुट्टीचा सण आला, गिरणी बंद, की डबलहेडर. आणि आठवड्यात पावसानं जे सामने बुडत, ते तोच पाहुणा संघ पुन्हा गावात आला की रविवारच्या पोटात कोंबायचे.

"आपल्या पंचांगात अधिक महिना असतो ना, तसं," काकांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "वर्षभर जे कमी पडतं ते तिथे भरून काढायचं. हे काढलं तर यांचा मोसम दिवाळीपर्यंत संपायचा नाही."

आता हे सगळं गेलं. आता प्रत्येक सामन्याला वेगळं तिकीट लागतं आणि एका दिवशी दोन खेळायचे म्हटलं की खेळाडूंच्या वकिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. तेव्हा मात्र गिरणीतले लोक शिदोरीचे डबे घेऊन दुपारी एकला येत आणि संध्याकाळी उन्हानं भाजून, तृप्त होऊन घरी जात.

तर मंगळवारी पाऊस पडला नाही.

दुपारी दोनला मी पर्जन्यमापक बघायला गेलो. त्यात एक मेलेला नाकतोडा होता. मैदानाकडे वळलो आणि तिकिटाच्या खिडकीमागे चटकन आडोशाला झालो. मैदानात मधोमध, जिथून पिचर चेंडू टाकतो त्या उंचवट्यापाशी, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून चौबळकाका उभे होते. हातात रबरी नळी. रोह्यात सुपारीच्या बागेला शिंपणं करावं तसं ते मनापासून, आळ्याआळ्यानं पाणी सोडत होते. अंगठ्यानं नळीचं तोंड दाबून त्यांनी पहिल्या बेसपर्यंत एक सुंदर कमान उडवली.

संध्याकाळी सहाला सामना रद्द झाल्याची पाटी लागली. कारण: ओलं मैदान.

नियमच तसा होता. सामना सुरू होईपर्यंत मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे यजमानानं ठरवायचं. पहिला चेंडू पडला की मग पंचानं.

"आज लॅबमध्येच होता ना दिवसभर?" मी जेवताना सहज विचारलं.

"मग कुठे असणार?" काका म्हणाले. "फर्नेस नंबर चारचे नमुने होते."

काकूंनी माझ्या पानात न विचारता भात वाढला.

त्या माणसानं माझ्यासमोर कधी खोटा आकडा उच्चारला नव्हता. मी वर जाऊन वही उघडली. मोसमात घरच्या मैदानावर पाच सामने रद्द झाले होते. दोनदा खरोखर मुसळधार पाऊस होता, दोनदा नुसती भुरभुर, आणि आता हा कोरडा. मग मी त्या पाच तारखांना पिचर कोण होता ते पाहिलं. पिचर म्हणजे आपला गोलंदाज; फरक एवढाच की हा एकटाच संपूर्ण सामना टाकतो, दमला तर दुसरा येतो. संघात असे पाच होते आणि ते पाळीपाळीनं खेळत.

पाचही वेळा नंबर एकाच माणसाचा होता. ड्वेन प्रुइट. छत्तीस वर्षांचा, केसांत राखाडी, कधीकाळी मोठ्या लीगमध्ये खेळलेला आणि तिथून घसरत घसरत आमच्या गावात पोचलेला.

पाऊस असा माणूस बघून पडत नाही. मी गणित केलं. पाचही वेळा प्रुइटचाच नंबर योगायोगानं येण्याची शक्यता तीन हजार एकशे पंचवीसात एक.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापुढे एकच उत्तर दिसतं: सट्टा. काका सट्टेबाजांना सामील होते. कुठला सामना होणार, कुठला नाही, कोण टाकणार, हे आधी कळलं की पैसे लावणाऱ्याला आणखी काय हवं! 'मंगळवारी पाऊस, लिहून ठेव' याचा अर्थ आता आरशासारखा स्पष्ट होता. मग मला सगळीकडेच पुरावे दिसायला लागले. धुण्याच्या टोपलीत काकांच्या पॅंटचे पाय लाल मातीनं माखलेले. काकांच्या खिशातली छोटी वही, जी मी खोलीत शिरलो की मिटायची. आणि त्याच आठवड्याच्या शुक्रवारी, मागच्या कुंपणापाशी, काकांनी प्रुइटच्या हातात तपकिरी कागदाची एक पिशवी दिली. प्रुइटनं इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी जाकिटाच्या आत सरकवली.

मी स्टॅनलाही चाचपून पाहिलं. म्हातारा बाकावर पाठ शेकत बसला होता. त्याच्या पाठीत उसण भरली होती.

"मंगळवारी मैदान फार ओलं होतं," मी म्हणालो.

"हो ना, प्रोफेसर. भयंकर."

"पाऊस तर नव्हता."

स्टॅननं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या मुलीबद्दल काही बोललोय. "दव," तो म्हणाला. "इथलं दव तुला ठाऊक नाही."

आता मी काय करायला हवं होतं, हे आज कुणीही सांगेल. जिन्यावरून खाली यायचं आणि विचारायचं, 'काका, ही काय भानगड?' पण मी तेवीस वर्षांचा होतो, स्टुडंट व्हिसावर होतो, आणि घाबरलो होतो. हे प्रकरण उघडकीस आलं तर त्याच घरात राहणारा, त्याच मैदानाच्या पावसाची नोंद ठेवणारा माणूस कोण? मीच. काकांची ती खुर्ची, ती सही, सगळं जाणार हे मला दिसत होतं. पण त्यांच्याबरोबर मी जाऊ नये, एवढीच माझी मनापासूनची इच्छा होती. सचोटीचं सोंग मी नंतर चढवलं.

शनिवारी सकाळी विद्यापीठात जाऊन, ग्रंथालयातल्या टाइपरायटरवर, मी लीगच्या कचेरीला पत्र लिहिलं. निनावी. पाकिटावर पत्ता डाव्या हातानं लिहिला. इंग्रजी चित्रपटांत बघून जेवढी खबरदारी माहीत होती तेवढी सगळी घेतली.

पुढचा आठवडा काहीच झालं नाही. पत्र कचऱ्याच्या टोपलीत गेलं असावं असं वाटून मी निम्मा सुखावलो आणि निम्मा दुखावलो.

मग अठ्ठावीस तारीख आली. शनिवार दुपार, काका बाजारात गेलेले. मी पाणी प्यायला खाली आलो तर स्वयंपाकघरात प्रुइट बसलेला. उघडा उजवा खांदा, आणि काकू त्याला तेल चोळताहेत. खोलीभर महानारायण तेलाचा वास.

"कुलदैवताच्या आंघोळीला सुद्धा एवढं तेल लागत नाही," काकू मला मराठीत म्हणाल्या. "वहिनी मुंबईहून पाठवतात ते सगळं याच्याच खांद्यात जिरतंय. घरी चोळायला बाटली भरून दिली, तर मेल्यानं आठवड्यात संपवली."

"बाटली?" मी म्हणालो. "तपकिरी पिशवीतून?"

"मग काय, ट्रेमधून देणार?"

प्रुइट आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघून हसला. त्यानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला. त्याला उजवा हात खांद्याच्या वर नेताना मी पाहिलं आणि माझे दात शिवशिवले.

तो गेल्यावर मी खुर्चीत बसलो. "काकू, हे काय चाललंय?"

काकू बेसिनपाशी हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला पेन्शनला सतरा दिवस कमी पडताहेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सातासमुद्रापार, बेसबॉलच्या गावात, कुलाबा जिल्ह्यातल्या प्रत्येक घरी ऐकू येणारं वाक्य!

मोठ्या लीगमध्ये चार वर्षं भरली तर तेव्हा म्हातारपणी पेन्शन मिळे. प्रुइटची तीन वर्षं पूर्ण भरली होती, चौथ्यातलेही बहुतेक दिवस. सतरा राहिले होते. आमचा संघ मोठ्या लीगमधल्या ज्या क्लबच्या हाताखाली होता, तिथल्या साहेबानं त्याला एक आशा दाखवली होती. ऑगस्ट संपेपर्यंत दहा पूर्ण सामने टाकून दाखव, म्हणजे पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्यानं. मग खांदा धड आहे असं मानून सप्टेंबरभर तुला वर बोलावतो.

"आणि खांदा सातव्या डावानंतर संपतो," काकू म्हणाल्या. "ह्यांनीच काढलं ते शोधून, त्यांच्या त्या तक्त्यांमधून. सात डाव राजासारखा टाकतो, आठव्यात भिकारी. साधा सामना नऊ डावांचा."

आता उरलेलं मला सांगायची गरज नव्हती. आमच्या लीगमध्ये डबलहेडरचे दोन्ही सामने सात-सात डावांचे असत, नाहीतर रविवार सोमवारपर्यंत लांबला असता. आणि रेकॉर्डच्या पुस्तकात 'पूर्ण सामना' एवढंच छापतात. सात डावांचा की नऊ, हे तिथे कुणी विचारत नाही. प्रुइटचा नंबर साध्या दिवशी आला की मैदान ओलं करायचं. सामना सरकत सरकत डबलहेडरमध्ये जाऊन पडतो. तिथे प्रुइट सात डाव टाकतो. दोनदा तर देवानंच परस्पर नळी सोडली होती.

"किती झाले?"

"नऊ. ह्यांच्या खिशातल्या वहीत टिपलेत सगळे. उद्या दहावा. त्या मंगळवारचा राहिलेला."

"मला का नाही सांगितलं?"

"हे म्हणाले, त्याच्या सहीनं कागद जातो लीगला. त्याला ठाऊक नसलं तर तो खरं लिहील आणि सुटेल. व्हिसावर आहे पोरगा." काकूंनी पदराला हात पुसले. "चेहरा का पडला तुझा? भूक लागलीय का?"

मी नाही म्हणालो. काकूंनी तरी दडपे पोहे केले.

रविवारी दुपारी साडेबाराला, पहिला सामना सुरू होण्याआधी अर्धा तास, माच्याची शिडी चढून लीगचा तपासनीस आला. मिस्टर थॉर्प. सडपातळ, डोक्यावर गवती हॅट, हातात माझं पाकीट. डावखुरा पत्ता मी लांबूनच ओळखला.

माच्यावर आम्ही तिघंच होतो. थॉर्पनं बसायला नकार दिला आणि पत्र उघडलं.

"हे आमच्याकडे आलं. यात लिहिलंय की सतरा तारखेचा सामना पावसानं नव्हे, पाण्याच्या नळीनं रद्द झाला. खरं असेल तर तो सामना पाहुण्यांना बहाल होईल आणि आजचा दुसरा सामना होणार नाही." तो थांबला. "पण मला आधी हे पत्र समजून घ्यायचंय. हा माणूस सारखा भीक मागतोय."

"भीक?" काका म्हणाले.

थॉर्पनं वाचून दाखवलं. "'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन आय बेग टु स्टेट...' पुढच्या ओळीत 'आय फर्दर बेग टु ब्रिंग टु युअर काइंड नोटिस...' आणि शेवटी, 'काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज'." त्यानं हॅट मागे सारली. "काय नीडफुल? आणि खाली सही: 'युअर्स, वन वेलविशर'. मी एकवीस वर्षं तक्रारी वाचतोय. शिव्या असतात, धमक्या असतात. असं पत्र मी पाहिलं नाही. ओहायोतल्या माणसानं हे लिहिलेलं नाही."

मी डाव्या हातानं पत्ता लिहिला होता. टाइपरायटर परका वापरला होता. कागदावर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून रुमाल धरला होता. आणि आत, आमच्या अलिबागच्या शाळेत परांजपे मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतलेला अर्ज जसाच्या तसा उतरवला होता. तक्रार करायची तर दुसरं कसं लिहितात, हे मला माहीतच नव्हतं. असं इंग्रजी लिहिणारी हार्लन फॉल्समध्ये दोनच माणसं होती, आणि दोन्ही त्या माच्यावर होती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं आहे ते," काका म्हणाले.

थॉर्पच्या भुवया वर गेल्या. "तुमचं?"

"माझं स्टॅनशी भांडण झालं होतं. रागाच्या भरात लिहिलं. त्यातलं काही खरं नाही."

"मग सही वेलविशर म्हणून का?"

"आमच्या देशात सगळ्या तक्रारी हितचिंतकच करतात," काका म्हणाले.

थॉर्पनं पत्राची घडी घातली. मग माझ्याकडे वळला. "तू पावसाची नोंद ठेवतोस. ऑगस्टचा तक्ता?"

तक्ता माझ्यापुढे होता. महिनाअखेरीला भरायचा म्हणून अजून कोरा. खिशातल्या वहीत सतरा तारखेपुढे शून्य होतं आणि कंसात 'नाकतोडा' असं लिहिलेलं होतं. मी पेन्सिल उचलली, सतरा तारखेच्या चौकोनात 'शून्य दशांश चार इंच' लिहिलं आणि खाली सही केली. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ही माझी पहिली बनावट नोंद. पुढे नोकरीत बऱ्याच केल्या, पण त्या बढतीसाठी.

"विमानतळावर त्या दिवशी थेंब नव्हता," थॉर्प म्हणाला.

"विमानतळ सोळा मैलांवर आहे. उन्हाळी सरी फार स्थानिक असतात, सर. विचलन मोठं असतं."

"असतं का?"

"फार."

थॉर्प मूर्ख नव्हता. त्यानं तेवढा एकच चौकोन भरलेला तक्ता पाहिला, माझे कान पाहिले, ते बहुधा लाल झाले असावेत, आणि मग खाली मैदानाकडे पाहिलं. तिथे प्रुइट डाव्या हातानं उजवा खांदा धरून सावकाश फेऱ्या मारत होता. थॉर्पनं माझा तक्ता घडी करून खिशात टाकला.

"कागद कागदासारखा आहे. दोन्ही सामने होतील," तो म्हणाला. "पण मिस्टर चौबळ, जो माणूस लीगला लेखी खोटं कळवतो, त्याची सही मला सामन्याच्या तक्त्यावर चालणार नाही. आजपासून."

"बरोबर आहे," काका म्हणाले.

हा तो क्षण. तोंड उघडून 'पत्र माझं' म्हणायला मला दोन सेकंद पुरले असते. म्हटलं असतं तर पावसाची नोंद ठेवणाराच तक्रार करणारा ठरला असता, तक्ता खोटा पडला असता, आणि प्रुइटचा दहावा सामना बुडाला असता. म्हणून मी गप्प राहिलो. असं मी पुढे पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या वेळी मी यातलं काहीही तोललं नव्हतं. मी पेन्सिलीचं टोक तपासत होतो.

काकांनी टोक केलेल्या पाच पेन्सिलींपैकी चार खिशात घातल्या, एक टेबलावर ठेवली आणि शिडी उतरून गेले. थॉर्पनं मला रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "तुला भरता येतो?"

मला येत होता. शिकवणारे आत्ताच उतरले होते.

पहिल्या सामन्याबद्दल मला काही आठवत नाही. दुसऱ्यात प्रुइट आला आणि सहा डाव त्यानं पाहुण्यांना नाचवलं. सातवाही संपला. खालून स्टॅन पाठदुखी विसरून उभा राहिला. पण फळ्यावर आकडे होते शून्य-शून्य. आणि बरोबरी असेल तर सात डावांचा सामना सातात संपत नाही, हे नियम पाठ असलेल्या काकांसकट त्या कटातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

आठव्या डावाला प्रुइट पुन्हा चालत मैदानात गेला. मॅनेजर त्याच्याकडे गेला, हात पुढे केला. प्रुइटनं चेंडू दिला नाही. तो काय म्हणाला हे माच्यावर ऐकू आलं नाही, पण मॅनेजर एकटा परतला. आठवा गेला. नववा गेला. दहाव्यात प्रत्येक चेंडूनंतर तो हात खाली लोंबता सोडून उभा राहायचा, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे आणि मालक येऊन घेऊन जाईल. चार हजार माणसं, पण बाकाचा करकर आवाज ऐकू यावा अशी शांतता. थॉर्प माझ्या शेजारी बसला होता. त्यानं कधी हॅट काढली ते मला कळलं नाही.

अकराव्यात पाहुण्यांनी एक धाव काढली. आमच्यांना ती फेडता आली नाही. प्रुइट हरला.

पण अकराच्या अकरा डाव त्यानं एकट्यानं टाकले होते. पूर्ण सामना. दहावा.

सप्टेंबरात त्याला वर बोलावलं. पूर्ण महिना तो मोठ्या लीगच्या बाकावर जाकीट घालून बसला आणि त्यानं एकही चेंडू टाकला नाही, कारण त्या अकरा डावांनंतर तो हात केस विंचरायलाही वर जात नव्हता. दिवस मात्र भरले. तिथे हजेरीच लागते.

त्या संध्याकाळी लोक पांगल्यावर मी तक्ता घेऊन माच्यावरून उतरलो. काका तिसऱ्या बेसमागच्या स्वस्त बाकांवर बसले होते. काकू शेजारी शेंगांची टरफलं गोळा करत होत्या. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून पहिल्या डावापासून वाचायला सुरुवात केली. बोट प्रत्येक चौकोनावर थांबत होतं. पाचव्या डावात एक खूण खोडून त्यांनी दुसरी केली. नवव्यात एक आकडा दुरुस्त केला. मैदानावर सावल्या लांबल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. आता शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

"काका, ते पत्र..."

"अर्ज चांगला होता," काका तक्त्यावरून नजर न काढता म्हणाले. "एकच राहिलं. वर 'थ्रू प्रॉपर चॅनेल' लिहायचं असतं. आधी घरच्या वरिष्ठाकडे द्यायचा, मग पुढे."

काकूंनी टरफलं गोळा करणं थांबवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि मग पिशवीचं तोंड सावकाश पिळून बंद केलं. त्यांना हे आत्ता कळलं होतं.

काकांनी तक्ता परत दिला. सर्वांत खाली, स्कोअररच्या नावापुढची जागा रिकामी होती.

"कर सही," ते म्हणाले. "स्वच्छ अक्षरात. माझी चालत नाही."

मी त्यांच्याच पेन्सिलीनं सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. काकांनी मान तिरकी करून ते पाहिलं आणि खिशातून खोडरबर काढून माझ्यापुढे धरलं.